लॅम हाउस : वीट, भिंत आणि खिडकी

कादंबरीच्या निवेदनाची चर्चा सुरू झाली की आपल्या एम.ए.च्या वर्गांतून हेन्री जेम्सचे नाव ओघानेच येते. 'दृष्टिकोन', 'जाणिवेचे केंद्र' या संज्ञा आपण इतक्या सरावाने वापरतो, की त्या कुणा एका माणसाने कुठल्यातरी खोलीत बसून घडवल्या, याचा विसर पडतो. पर्सी लबकने १९२१ साली 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन'मध्ये त्यांना शिस्तबद्ध रूप दिले आणि पुढे त्या पाठ्यपुस्तकांतून जगभर पसरल्या. त्यांच्या मुळाशी जी प्रतिमा आहे ती मात्र शिस्तबद्ध नाही, चित्रमय आहे. 'द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी'च्या प्रस्तावनेत जेम्सने कादंबरीला घराची उपमा दिली. या घराला अगणित खिडक्या आहेत, प्रत्येक खिडकीशी कुणीतरी उभे राहून बाहेर पाहत आहे, आणि समोरचा देखावा एकच असला तरी प्रत्येकाला दिसणारे निराळे आहे, अशी ती कल्पना.

ही प्रस्तावना १९०८ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी जेम्सला इंग्लंडमधील राय या गावी राहायला येऊन दहा वर्षे होत आली होती. ज्या घरात तो राहत होता त्याचे नाव लॅम हाउस. चर्चच्या आवारापासून हाकेच्या अंतरावरचे, लाल विटांचे, अठराव्या शतकातले घर. उपमेतले घर आणि हे घर एकच, असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. तसे करणे हा समीक्षेतला एक स्वस्त खेळ आहे. माझा आग्रह उलट दिशेचा आहे. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाविषयी आपण पुष्कळ बोललो. ती खिडकी कुणी बांधली, कोणत्या पैशाने बांधली, कोणत्या बाजूला उघडली आणि कोणत्या बाजूला उघडली नाही, हे विचारायचे राहून गेले. तो इतिहास पुष्कळसा विटांत आहे.

राय हे ससेक्समधले, दक्षिण किनाऱ्याजवळचे टेकडीवरचे छोटे गाव. एकेकाळी समुद्र टेकडीच्या पायथ्याशी होता. शतकानुशतके गाळ साचत गेला आणि समुद्र दोनेक मैल मागे हटला. बंदराच्या भरभराटीच्या काळात गावाने मोठे तडाखेही सोसले. १३७७ साली फ्रेंचांनी ते जाळले आणि चर्चच्या घंटाही पळवून नेल्या. पुढल्या वर्षी राय आणि शेजारच्या विंचेल्सीच्या लोकांनी नॉर्मंडीवर स्वारी करून त्या परत आणल्या. टेकडीच्या माथ्यावर सेंट मेरीचे चर्च आहे. त्याच्या घड्याळाचे यंत्र सोळाव्या शतकातले असून त्याचा लंबक चर्चच्या आत, प्रार्थनेला बसलेल्यांच्या डोक्यावर, संथपणे झुलत असतो. चर्चभोवती दफनभूमी, तिच्याभोवती घरांचा चौक. या चौकातून निघालेली वेस्ट स्ट्रीट ही गोट्यांच्या फरसबंदीची गल्ली थोडी पुढे येऊन काटकोनात वळते आणि खाली बाजारपेठेकडे उतरते. त्या वळणावर, कोपरात बसावे तसे, लॅम हाउस बसले आहे. एका हाताला मृतांचे आवार, दुसऱ्या हाताला बाजार.

राय हे मुळात विटांचे गाव नव्हे. लॅम हाउसपासून दोन पावलांवर मर्मेड स्ट्रीट आहे, आणि तिथली जुनी घरे लाकडी सांगाड्याची आहेत. ओकच्या जाड तुळया आणि त्यांच्या मधल्या जागेत काठ्यांचा कूड, वर मातीचा गिलावा. कूड म्हणजे काय हे कोकणातल्या वा घाटावरच्या वाचकाला समजावून सांगायला नको. इंग्लंडमधला सामान्य माणूस शतकानुशतके कुडाच्याच घरात राहिला. वीट ही श्रीमंतांची वस्तू होती. ती सर्वत्र झाली याचे एक कारण म्हणजे १६६६ची लंडनची आग. दुसऱ्या वर्षी झालेल्या कायद्याने राजधानीतली नवी घरे वीट किंवा दगड यांचीच असावीत असे ठरवले. पुढे १७०७च्या कायद्याने लंडनमध्ये छपराच्या कडेच्या लाकडी नक्षीदार झालरींना बंदी केली आणि भिंत छपराच्या वर थोडी चढवून कठडा बांधायला लावले. १७०९च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत बसवायला लावली. हेतू एकच, आग पसरू नये.

हे कायदे रायला लागू नव्हते. पण कायद्याने घडवलेला लंडनचा चेहरा फॅशन होऊन खेडोपाडी गेला. आगीच्या भीतीने जन्मलेला कठडा पाहता पाहता प्रतिष्ठेची खूण झाला. उतरते छप्पर झाकले गेले, दर्शनी भाग एखाद्या चौकोनी कागदासारखा सपाट आणि सलग दिसू लागला, त्यावर वरखाली सरकणाऱ्या खिडक्या मोजून मापून समान अंतरावर बसल्या, मधोमध किंवा मोक्याच्या ठिकाणी चार पायऱ्या चढून दार, दारावर कोरीव छत्री. लॅम हाउस १७२२-२३च्या सुमारास बांधले गेले ते या घडणीचे आहे. दोन मजले, खाली तळघर, वर पोटमाळा. आत लाकडी तक्तपोशीच्या खोल्या. फार मोठे नाही. एखाद्या उमरावाच्या प्रासादाशेजारी ते ओशाळेल. पण त्या अरुंद गल्लीच्या मानाने त्याचे दर्शनी अंग केवढे रुबाबदार वाटते!

इथे विटेविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण वास्तूवर लिहिताना आपण 'लाल विटांचे' एवढे म्हणून पुढे जातो. वीट रचण्याच्या पद्धती असतात. जुन्या इंग्रजी पद्धतीत एका थरात सगळ्या विटांची लांब बाजू बाहेर येते, वरच्या थरात सगळ्यांची आखूड बाजू. ही भिंत मजबूत, पण दिसायला रांगडी. सतराव्या शतकात दुसरी पद्धत रुळू लागली. एकाच थरात एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, अशी. तिला फ्लेमिश नाव मिळाले. लंडनजवळ क्यू येथे १६३१ साली बांधलेले घर हे तिचे एक प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण. हिच्यात भिंतीला वेलबुट्टीसारखी एक लय येते. भट्टीत ज्या विटेचे टोक जाळाकडे असते ते काळपट-निळसर होऊन त्याला चकाकी येते. अशा विटा निवडून आखूड बाजूने लावल्या तर लाल भिंतीवर निळसर ठिपक्यांची नक्षी उमटते. दक्षिण इंग्लंडच्या जुन्या गावांतून ती अजून दिसते. खिडकीवरची कमान हे तर निराळेच कौशल्य. त्यासाठी रेती जास्त असलेली मऊ वीट मुद्दाम भाजत. ती घासून, हवी तशी निमुळती करून, चुन्याच्या निवळीत बसवत. दोन विटांमधली सांध केसाएवढी. भिंतीतल्या इतर सांधी बोटभर जाडीच्या आणि कमानीवरच्या जवळजवळ अदृश्य, हा फरक लक्षात घेतला म्हणजे त्या काळचा पैसा भिंतीवर नेमका कुठे खर्च होत होता ते कळते. रस्त्यावरच्या माणसाची नजर जिथे जाणार तिथे.

याहून बोलका पुरावा रायच्या, ल्यूइसच्या आणि एकूण त्या टापूच्या इतर घरांवर आहे. ज्यांना विटांचे नवे घर परवडले नाही त्यांनी जुन्या लाकडी सांगाड्यावरच विटेसारखी दिसणारी कौले टांगली. एकावर एक अशी बसवून सांधी भरल्या की रस्त्यावरून पाहणाऱ्याला भिंत पक्क्या विटांचीच वाटते. कोपऱ्याला वळसा घालून गेले की मागे कूड. विटांवर १७८४ ते १८५० या काळात कर होता, तो चुकवण्यासाठी लोकांनी ही युक्ती केली असे पूर्वी सांगत. पण कौलांवरही सुरुवातीला कर होताच, आणि अशी कौले त्या कराच्या आधीपासून वापरात होती. तेव्हा कारण कराहून खोल आहे. गावाला नवा चेहरा हवा होता. सभ्य, शांत, मोजूनमापून बोलणारा.

हा चेहरा ज्याने स्वतःच्या घराला खराखुरा, विटांचा दिला तो जेम्स लॅम हा मद्याचा व्यापारी. ग्रेबेल या गावातल्या जुन्या, वजनदार घराण्यातल्या मार्थाशी त्याचे लग्न झाले आणि त्याने सासरच्या वजनात स्वतःची भर घातली. तो वारंवार रायचा नगराध्यक्ष झाला. त्या काळच्या रायचे राजकारण म्हणजे मूठभर मताधिकाऱ्यांचा कारभार. पण तेवढ्या मूठभरांकडून पार्लमेंटवर दोन सभासद निवडून जात. ती मूठ ज्याच्या हाती, त्याच्याकडे लंडनच्या मंत्र्यांचेही लक्ष. लॅम घराण्याने ती जवळजवळ शतकभर सोडली नाही; १८३२च्या सुधारणा कायद्यानेच तिला सैल केले. गल्लीच्या वळणावरचे ते घर म्हणजे या सत्तेचे कार्यालयच होते. दोन्ही बाजूंनी येणारा त्याच्यासमोरून जाणार.

घर बांधून तीनेक वर्षे झाली असतील. १७२६च्या जानेवारीत हॅनोव्हरहून परतणाऱ्या राजा पहिल्या जॉर्जचे जहाज वादळाने जवळच्या कॅम्बरच्या वाळूवर येऊन लागले. राजाला रायमध्ये आणले तेव्हा त्याच्या तोलामोलाचे घर म्हणून नगराध्यक्षाचेच घर पुढे आले. लॅमने आपली उत्तम शय्या राजाला दिली, आणि त्याच रात्री त्याची पत्नी बाळंत झाली. हिमवर्षावामुळे राजा काही दिवस अडकून पडला. मुलाचे धर्मपितृत्व त्याने स्वीकारले, मुलाचे नाव अर्थातच जॉर्ज ठेवले गेले आणि चांदीचे एक पात्र भेट मिळाले. राजाला इंग्रजी जेमतेम, लॅमला जर्मन येत नसे. त्या चार दिवसांत दोघे काय बोलले असतील? पण बोलण्याची गरज नव्हतीच. कमानीवरच्या त्या केसाएवढ्या सांधी राजाशी जे बोलायचे ते बोलल्या असतील.

यानंतर सतरा वर्षांनी जे घडले ते मात्र वळणाच्या दुसऱ्या बाजूला, चर्चच्या आवारात. जॉन ब्रेड्स हा गावातला खाटीक, शिवाय खाणावळीचा मालक. मापात मारल्याबद्दल नगराध्यक्ष लॅमने त्याला दंड केला होता, तो राग त्याच्या मनात होता. मार्च १७४३मध्ये एका रात्री बंदरातल्या जहाजावर मेजवानी होती. लॅमला जायचे होते, पण त्याला बरे वाटेना, म्हणून त्याचा मेहुणा ॲलन ग्रेबेल त्याच्या ऐवजी गेला. रात्र थंड होती. लॅमचा अंगरखा पांघरून गेला. उशिरा परतताना तो दफनभूमीतून चालला होता. ब्रेड्स तिथे सुरी घेऊन दबा धरून बसला होता, लॅमसाठी. अंगरखा ओळखून त्याने वार केला. ग्रेबेलला वाटले, कुणा दारुड्याचा धक्का लागला. तो घरी गेला, शेकोटीशी खुर्चीत बसला आणि रात्रीतून रक्तस्रावाने मेला.

इंग्रजीत लॅम म्हणजे कोकरू. खाटकाने कोकरू मारायचेच, असे ब्रेड्स ओरडत फिरत होता, अशी गावात आख्यायिका आहे. आख्यायिकेला श्लेष आवडतात. आपण तिच्यावर फार भार टाकू नये. नोंदीतले सत्य अधिक अस्वस्थ करणारे आहे. खटला नगराध्यक्षापुढे चालला, आणि नगराध्यक्ष होता लॅम. ज्याच्या जिवावर वार रोखला होता तोच न्यायासनावर. ब्रेड्सला फाशी झाली, त्याचे प्रेत लोखंडी पिंजऱ्यात घालून गावाबाहेर टांगले गेले. तो पिंजरा, आत कवटीचा वरचा भाग, रायच्या नगरभवनात अजून जपून ठेवला आहे. ग्रेबेलचे स्मारक चर्चमध्ये आहे.

पॉल मोनॉड या इतिहासकाराने २००३ साली या खुनावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्याने खुनाला चुकीच्या ओळखीची एक चमत्कारिक कथा म्हणून न पाहता सतराव्या शतकापासून गावात धुमसत आलेल्या धार्मिक आणि राजकीय वैराच्या संदर्भात ठेवले. कडव्या धर्मनिष्ठेचे गाव हळूहळू सभ्य, शिष्टाचारी, मूठभरांच्या ताब्यातले गाव होते. त्या स्थित्यंतराच्या शिवणीवर हा खून पडतो. मला हे वाचताना पुन्हा विटा दिसल्या. लॅम हाउसचा शांत चेहरा आणि दफनभूमीतली सुरी ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. याच काळात, १७३५ साली, चर्चच्या आवारात गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी लंबवर्तुळाकार पाण्याची टाकी बांधली गेली, तीही विटांची. सभ्यता मृतांच्या आवारातही विटा घेऊनच आली.

लॅम घराण्याने अठराव्या शतकातच घराशेजारी, घराला काटकोनात, एक स्वतंत्र दालन बांधले. त्याला बागेची खोली म्हणत. गल्लीकडच्या बाजूला तिला बाहेर फुगीर आलेली मोठी खिडकी होती. ती खिडकी वेस्ट स्ट्रीटवर, बाजाराकडून चढून येणाऱ्या वाटेवर रोखलेली होती. वर येणारा प्रत्येक माणूस आतल्याला आधी दिसे. 

हेन्री जेम्सने हे घर प्रथम चित्रात पाहिले. त्याचा वास्तुविशारद मित्र एडवर्ड वॉरन याने या फुगीर खिडकीचेच जलरंगात चित्र काढले होते. १८९६च्या उन्हाळ्यात तो रायच्या परिसरात राहायला आला, 'द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन' तिथेच पुरी केली आणि जाता-येता त्या घरासमोर थबकू लागला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये घर रिकामे झाल्याचे कळताच त्याने एकवीस वर्षांचा भाडेपट्टा केला, वर्षाला ७० पौंडांवर. वॉरनच्या सल्ल्याने डागडुजी झाली, १८९८च्या जूनमध्ये तो राहायला आला आणि १८९९मध्ये २००० पौंडांना त्याने ते विकतच घेतले. छप्पन्न वर्षांचा, आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेला हा अमेरिकन माणूस पहिल्यांदाच घरमालक झाला.

भाडेपट्ट्यावर सही केली त्याच शरद ऋतूत लंडनमध्ये त्याने 'द टर्न ऑफ द स्क्रू' सांगून लिहून घेतली. गावाकडचे जुने, एकाकी घर घेण्याचा निर्णय आणि गावाकडच्या जुन्या, एकाकी घरातल्या भुतांची कथा एकाच वेळी मनात असणे ही गोष्ट साधी नाही. त्या कथेत मृत नोकर पीटर क्विंट खिडकीच्या काचेबाहेरून आत पाहतो. शिक्षिका धावत बाहेर जाते, तो गेलेला असतो, आणि ती नेमकी त्याच जागी उभी राहून काचेतून आत पाहते. आतली घरकारभारीण तिला पाहून दचकते. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातली काच किती अविश्वसनीय आहे, हे जेम्सने आधी कथेत दाखवले आणि सिद्धान्त त्यानंतर दहा वर्षांनी सांगितला. आपण शिकवताना क्रम उलटा करतो.

'द ऑकवर्ड एज' (१८९९) या कादंबरीतल्या मिस्टर लाँगडनच्या घराला त्याने जागा सफोक परगण्यात दिली, पण रूप लॅम हाउसचे दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत घराला आग लागली. तक्तपोशीमागच्या जुन्या तुळया आत धुमसत होत्या. वेळीच आटोक्यात आली. सुंदर वस्तूंनी भरलेले घर शेवटी आगीत जाणारी 'पॉइंटन'ची कथा लिहून होऊन अडीच-तीन वर्षेच झाली होती.

उन्हाळ्यात जेम्स बागेच्या खोलीत काम करी, हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या हिरव्या खोलीत. 'काम करी' म्हणजे बोले. मनगट दुखू लागल्यापासून तो स्वतः लिहीत नसे, येरझाऱ्या घालत सांगे आणि समोर टंकलेखक रेमिंग्टनच्या यंत्रावर उतरवून घेई. 'द विंग्ज ऑफ द डव्ह' (१९०२), 'द अँबॅसडर्स' (१९०३), 'द गोल्डन बोल' (१९०४) यांचा काळ हाच. मेरी वेल्ड ही त्याची एक टंकलेखिका. वाक्य अडले की ती विणकाम काढून बसे. १९०७पासून थिओडोरा बोझँके आली, आणि तिने पुढे १९२४ साली त्याच्या कामाच्या पद्धतीवर जी छोटी पुस्तिका लिहिली ती व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने छापली. प्रस्तावनांची घडण तिने अगदी जवळून पाहिली. खिडकीशी एकटा उभा असलेला द्रष्टा ही उपमा ज्या खोलीत शब्दबद्ध झाली तिथे प्रत्यक्षात दोन माणसे होती, आणि दुसरी खिडकीकडे पाहत नव्हती. तिचे डोळे कागदावर होते. तळघराजवळच्या स्वयंपाकघरात आणखी काही माणसे होती. गावातलाच एक पोरगा, बर्जेस नोक्स, याच घरात चाकरीला लागून मोठा झाला आणि जेम्सच्या अखेरीपर्यंत त्याच्या सेवेत राहिला. 'द अँबॅसडर्स'मधल्या श्रीमंत कुटुंबाचा कारखाना नेमकी कोणती वस्तू बनवतो हे जेम्स अखेरपर्यंत सांगत नाही. ती वस्तू नाव घेण्याच्या लायकीची नाही एवढेच सुचवतो. अनेक समीक्षक त्या वस्तूचा शोध घेत बसले. ते चातुर्य मलाही मोह पाडते, पण मद्यविक्रीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या घरात हे मौन साधले गेले, ही नोंद त्या शोधाहून उपयोगाची आहे.

घराभोवती उंच विटांची भिंत, आत सुमारे एक एकराची बाग. या भिंतीचे जेम्सला किती अप्रूप होते याचा एक किस्सा एच. जी. वेल्सने सांगितला आहे. जी. के. चेस्टरटन शेजारीच मुक्कामाला होता. विल्यम जेम्स, हेन्रीचा तत्त्वज्ञ भाऊ, पाहुणा म्हणून आलेला. त्याला चेस्टरटनला बघायची फार उत्सुकता. त्याने माळ्याची शिडी भिंतीला लावली आणि वरून डोकावला. हेन्री संतापला. वेल्सला मध्यस्थी करावी लागली. तत्त्वज्ञाला यात काय वावगे ते कळेना. कादंबरीकाराला त्याहून वावगे काही सुचेना. भिंतीवरून पाहणे असभ्य, खिडकीतून पाहणे ही कला! पण हा भेद ज्याच्या मालकीची भिंतही असते आणि खिडकीही, त्यालाच सुचू शकतो.

जेम्स १९१६च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये वारला. काही वर्षांत लॅम हाउसमध्ये ई. एफ. बेन्सन हा दुसरा कादंबरीकार भाडेकरू म्हणून आला, पुढे १९३४ ते १९३७ या काळात तो रायचा नगराध्यक्षही झाला. लॅमनंतर दोन शतकांनी सत्ता पुन्हा त्याच दाराने आत आली, जरा विनोदी वेषात. बेन्सनने 'मिस मॅप' (१९२२) आणि 'मॅप अँड लुसिया' (१९३१) या कादंबऱ्यांत रायला टिलिंग केले, लॅम हाउसला मॅलर्ड्स केले आणि बागेच्या खोलीच्या त्याच फुगीर खिडकीशी मिस मॅपला बसवले. ती पडद्याआडून गल्लीवर पाळत ठेवते. कुणाच्या टोपलीत काय आहे, कोण कोणाच्या दारात थांबले, कुणी नवा पोशाख शिवला. आपल्या अभ्यासक्रमांत बेन्सनला जागा नाही, आणि ती असावी असा माझा हट्टही नाही. पण जेम्सची प्रस्तावना शिकवून झाल्यावर 'मिस मॅप'ची पहिली पाने विद्यार्थ्यांना वाचून दाखवावीत. तीच खिडकी, तोच कोन, तीच गल्ली. आणि तरल जाणिवेच्या जागी चहाडखोर कुतूहल. दोघांतले अंतर विद्यार्थ्यांना वाटते तेवढे मोठे नाही. दोघेही पाहतात आणि दिसत नाहीत. त्या खिडकीची बांधणीच मुळी त्यासाठी होती. जेम्सने तिच्यातून कादंबरीची मीमांसा काढली, बेन्सनने चेष्टा. लॅमने बहुधा आपला कारभार पाहिला.

बेन्सन १९४०च्या फेब्रुवारीत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका जर्मन बाँबने बागेची खोली उद्ध्वस्त केली. मुख्य घर थोडक्यात बचावले. युद्धानंतर जेम्सच्या कुटुंबीयांकडून ते नॅशनल ट्रस्टकडे आले. बालपण बंगालातल्या नारायणगंजला घालवलेली रूमर गॉडन १९६८ ते १९७३ या काळात तिथे राहिली. तिला ती खिडकी मिळाली नाही. जेम्सने स्वतः मात्र तिचे छायाचित्र आपल्या संकलित आवृत्तीत घातले नव्हते. 'द ऑकवर्ड एज'च्या खंडासाठी ॲल्विन लँग्डन कोबर्नने घेतलेल्या चित्रात दिसते ते लॅम हाउसचे दार, पायऱ्या आणि भोवतीची वीट. खिडकी होती त्या ठिकाणी आता बागेची भिंत आहे, आणि तिच्यावर इथे कधीकाळी एक खोली होती असे सांगणारा फलक.